औंढ्याची जांभूळ-बी बाजारात : आधी कसोटी, मग दावा

लोणावळ्याजवळचे औंढे हे मावळातले गाव. मे संपता संपता या भागात जांभूळ पिकते आणि टोपल्या घेऊन बायाबापड्या रस्त्याच्या कडेला बसतात. फळ खाल्ले जाते, बी थुंकली जाते. पण शहरातल्या जडीबुटीच्या दुकानात याच बीची पूड ‘शुगरची दवा’ म्हणून पुडीत बांधून विकली जाते. साहजिकच आमच्या काही व्यापारी बांधवांनी आम्हाला विचारले की, ही बी गोळा करून, सुकवून, दळून विकण्याचा धंदा होईल काय? भांडवल थोडे, माल जवळचा आणि गिऱ्हाईक घरोघरी!

गिऱ्हाईक घरोघरी आहे हे खरेच. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. दुकानात दिवसभर बसून राहणारा व्यापारी आणि यंत्रापुढे बसणारा कारागीर या आजाराच्या तावडीत लवकर सापडतो. म्हणजे हा माल आपण विकणार आणि आपल्याच घरातली माणसे तो खाणार. म्हणून या धंद्याचा नफा-तोटा मांडण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागेल. ‘साखर उतरते’ हे म्हणायचे कशाच्या आधारावर?

कसोट्या दोन, एक नव्हे

बाजारात ‘आमचा माल टेस्ट केलेला आहे’ असे सर्रास सांगितले जाते. पण कसोट्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की गिऱ्हाईक फसतो, कधी कधी व्यापारीही फसतो.

पहिली मालाची कसोटी. ही वनस्पती तीच आहे काय, तिच्यात माती, बुरशी, कीड, दुसरा पाला किंवा दुसरी बी मिसळलेली नाही ना, ओल किती आहे, हे त्यात पाहतात. ही कसोटी व्यापाऱ्याला पैसे भरून करून घेता येते.

दुसरी गुणाची कसोटी. ही वनस्पती खाल्ल्याने माणसाच्या रक्तातील साखर खरोखर उतरते काय, किती उतरते, किती मात्रेने, किती दिवसांत आणि अपाय काय होतो, हे त्यात पाहतात. ही कसोटी दुकानात होत नाही. तिला इस्पितळ लागते, डॉक्टर लागतात, वर्षे लागतात. पहिल्या कसोटीचा कागद दाखवून दुसऱ्या कसोटीचा दावा करणे म्हणजे कापडाची लांबी मोजून रंग पक्का असल्याची हमी देण्यासारखे आहे.

गुण तपासतात कसा?

‘माझ्या सासऱ्यांनी महिनाभर पूड घेतली, शुगर २२० ची १६० झाली’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण सासऱ्यांनी त्याच महिन्यात गोड चहा सोडला, सकाळी फिरायला सुरुवात केली, डॉक्टरांची गोळीही चालू ठेवली. मग साखर उतरली कशाने? आजार कळला की माणूस घाबरतो, खाण्यापिण्याला लगाम घालतो आणि साखर काही प्रमाणात आपोआप खाली येते. दवा मग त्याचे श्रेय घेऊन जाते.

म्हणून शास्त्रज्ञ रुग्णांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. एका गटाला दवा, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण गुण नसलेली पुडी किंवा आधीच सिद्ध झालेली गोळी. खाणेपिणे दोघांचे सारखे. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी आकडे पडताळतात. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण एका दिवसाच्या उपासाने ती फसत नाही.

परंपरेला असे तपासणे म्हणजे तिचा अपमान, असे काहींना वाटते. औंढ्याच्या शेजारचेच उदाहरण घ्या. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केले आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजायला घेतले. योग त्याने लहान झाला नाही. युनानीतही तसेच घडले. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमा सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून सत्त्वे वेगळी काढली आणि एकाला हकीमसाहेबांच्या आठवणीत ‘अजमलिन’ हे नाव दिले. ही १९३१ च्या सुमाराची गोष्ट. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा उपयोग करून १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात निष्कर्ष छापले, तेव्हा साऱ्या जगाने ही मुळी ओळखली. कसोटी झाली म्हणून मुळीची दवा झाली.

मधुमेहावर आज जगभर दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळीसुद्धा दूरच्या नात्याने एका वनस्पतीचीच. युरोपातील ‘गॅलेगा’ नावाच्या झुडपातल्या द्रव्यावरून तिच्या जातीची रसायने सुचली आणि फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ साली तिचा रुग्णांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. मूळ झुडूप मात्र विषारी होते. त्यातले उपयोगी काय आणि घातक काय हे कसोटीनेच वेगळे केले.

बिबळ्याचा पेला

आता आपल्या डोंगरातल्या तीन वनस्पती पाहू. पहिला बिबळा, ज्याला बाजारात विजयसार म्हणतात. त्याच्या लाकडाचे पेले आमचे खरादी कारागीर करतात. रात्री पेल्यात पाणी ठेवायचे, सकाळी प्यायचे. पाण्याला तपकिरी रंग चढतो, उजेडात धरले की निळसर झाक मारते आणि गिऱ्हाईक खूश होतो.

या झाडावर देशात मोठे काम झाले आहे. आयसीएमआरने चार केंद्रांत नव्याने आजार कळलेल्या ९७ रुग्णांना विजयसार दिले. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर ठरवलेल्या मर्यादेत आली. त्यातल्या ४९ जणांना रोज २ ग्रॅम पुरले, ११ जणांना ३ ग्रॅम, तर ७ जणांना ४ ग्रॅम लागले. २६ जणांची साखर मर्यादेत आली नाही आणि ४ जणांची जेवणानंतरची साखर फार चढल्याने त्यांना चाचणीतून काढावे लागले. उपाशीपोटीची साखर सरासरी ३२ आणि जेवणानंतरची ४५ अंकांनी उतरली. दवेचा अपाय दिसला नाही.

आकडे चांगले आहेत, पण सगळे वाचले पाहिजेत. एचबीए१सी ९.८ वरून ९.४ वर आले. डॉक्टर साधारण ७ च्या आसपास आणायला सांगतात. म्हणजे उतार पडला, पण थोडा. शिवाय या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तो पुढच्या चाचणीत घेतला गेला. तिथे विजयसारची टॉलब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना झाली आणि २००५ साली छापलेल्या निष्कर्षांत दोहोंत मोठा फरक आढळला नाही. ही बिबळ्याची जमेची बाजू.

याच झाडाच्या बाबतीत एक धडाही आहे. त्याच्यातील एका द्रव्याने स्वादुपिंडातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा उगवतात, असे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवरच्या प्रयोगातून जाहीर झाले. फार गाजावाजा झाला. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी टिकतो की नाही हे पाहिल्याशिवाय पत्रके छापू नयेत ती यासाठी.

आणि आमच्या खरादी बांधवांनी नीट लक्षात ठेवावे की, चाचणी झाली ती तोलून दिलेल्या मात्रेची, पेल्याची नव्हे. पेल्यातून रात्रभरात पाण्यात किती अर्क उतरतो हे लाकडाच्या वयावर, पेल्याच्या जाडीवर आणि तो किती दिवस वापरला त्यावर अवलंबून. काही आठवड्यांनी पाण्याला रंग येईनासा होतो, तरी गिऱ्हाईक पीतच राहतो. पेला पेला म्हणून विका. चांगली कारागिरी आहे, तिची किंमत घ्या. इलाज म्हणून विकू नका.

बेडकीचा पाला

दुसरी वनस्पती बेडकी, म्हणजे गुडमार. कुठे तिला कावळी म्हणतात, कुठे काळी करडोरी. फळे जोडीने येतात आणि मेंढ्याच्या शिंगांसारखी दिसतात म्हणून संस्कृतात मेषशृंगी. पाला चावून साखर तोंडात टाकली तर वाळूसारखी लागते. गोड चव काही वेळ जाते.

माल खरा की खोटा हे ओळखायला ही युक्ती चांगली आहे. पण जिभेवरची साखर मारली म्हणजे रक्तातली साखर मेली असे नाही. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रक्तातल्या साखरेचा शोध मुंबईतच घेतला गेला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधील म्हसकर आणि कैअस यांनी बेडकीवर अभ्यास करून १९३० साली तो प्रसिद्ध केला. जनावरांवरच्या प्रयोगात पाल्याने साखर उतरल्याचे त्यांनी नोंदवले. त्यानंतर मद्रासच्या संशोधकांनी १९९० साली २२ रुग्णांचे निष्कर्ष छापले. हे रुग्ण आधीपासून गोळ्या घेत होते. त्यांना रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. त्यातल्या पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या.

पाच जणांच्या बंद झाल्या, म्हणजे सतरा जणांच्या झाल्या नाहीत. ज्यांच्या झाल्या त्या डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत तपासत झाल्या. रुग्ण थोडे होते आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ‘बेडकी घ्या, गोळी फेका’ असे सांगणाऱ्याने हा हिशेब आधी वाचावा.

मग जांभळाचे काय?

आता मूळ मालाकडे येऊ. जांभळाच्या बीचे नाव फार जुने. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी, म्हणजे १९२१ च्या आधी, युरोपातही मधुमेहावर ही बी वापरली जात होती. आयुर्वेदात आणि युनानीत ती आहेच. सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात तिची ओळख आणि शुद्धतेची मानके दिलेली आहेत.

गुणाच्या कसोटीत मात्र जांभूळ अर्ध्या वाटेवर आहे. जनावरांवरच्या प्रयोगांत बीने साखर उतरल्याचे पुष्कळदा दिसले. भारतात रुग्णांवर बीच्या पुडीच्या काही लहान चाचण्या झाल्या आणि थोडा उतार दिसला. पण रुग्ण कमी आणि मुदतही कमी. ब्राझीलमध्ये लोक जांभळाच्या पाल्याचा चहा मधुमेहावर पितात. तिथल्या पोर्तो अलेग्रे शहरातील संशोधकांनी तो चहा रुग्णांवर रीतसर गट पाडून तपासला, तेव्हा साखरेत काहीच फरक आढळला नाही. झाड एकच, पण पाल्याचा निकाल बीला लागत नाही आणि बीचा निकाल पाल्याला लागत नाही. कुणी जांभळाचा पाला, साल, सरबत, शिरका सगळेच ‘शुगरवर’ म्हणून विकत असेल, तर त्याला विचारा, कुठल्या भागाची कसोटी झाली?

जांभूळ, कारले, गुडमार आणि वांगे यांच्या मिश्रणावर अमेरिकेत एका कंपनीला १९९९ साली पेटंट मिळाले आणि आपल्याकडे मोठी ओरड झाली. आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली चीज दुसऱ्याच्या नावावर चढली म्हणून राग येणे बरोबरच. पण राग ओसरल्यावर काम उरते ते हेच. आपल्या मालाची नोंद ठेवणे आणि तो तपासून घेणे.

औंढ्यातली खरी अडचण : पाऊस

मालाच्या कसोटीत औंढ्याच्या बीची सर्वांत मोठी शत्रू म्हणजे ओल. जांभूळ पिकते आणि पाऊस येतो. लोणावळ्याकडचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. अंगणात पसरलेली बी दोन दिवस भिजली की तिला बुरशी धरते. वरून दिसत नाही, दळल्यावर तर मुळीच दिसत नाही. अशी पूड आजारी माणसाच्या पोटात जाणार!

म्हणून हा धंदा करणाऱ्याने वाळवण्याची सोय आधी करावी, खरेदी नंतर. गर सुटेपर्यंत बी स्वच्छ पाण्याने धुवावी. पावसापासून आडोसा असलेल्या, वारा खेळणाऱ्या जागी जाळीवर पातळ पसरावी. ऊन नसेल तर मंद उष्णतेची पेटी लागेल. वरचे कडक साल काढून आतला गर पुन्हा वाळवावा. दाताखाली कटकन मोडला तर वाळला, दबला तर ओला. ओल्या बीचे वजन आणि सुकलेल्या गराचे वजन दोन्ही वहीत लिहावे. पहिल्या हंगामातच कळेल की खरा भाव कितीला पडला. अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. ते ओल्या वजनाने विकत घेतात आणि नफाही ओल्या वजनाने मोजतात.

दुसरी गोष्ट ओळखीची. माल कोणत्या गावचा, कोणत्या महिन्याचा, ते पोत्यावर लिहा. झाडाच्या ओळखीविषयी शंका असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही जाणत्या जागा आहेत. फांदी, पान, फूल यांचा नमुना पाहून वनस्पती ओळखण्याचे काम तिथे होते. प्रत्येक घाण्यातली थोडी पूड बरणीत बंद करून, तारीख टाकून ठेवावी. उद्या तक्रार आली तर ती बरणीच तुमची साक्षीदार.

बीसाठी झाड तोडावे लागत नाही हा जांभळाचा मोठा फायदा. बिबळ्याचे तसे नाही, त्याचा आतला गाभा हवा तर झाड पडते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत बिबळा आणि जांभूळ दोन्ही झाडे आहेत. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. लाकूड विकत घेताना कारागिरांनी कागद मागून घ्यावा.

सर्वांत वाईट भेसळ

माती, कोंडा मिसळणारा बदमाश असतोच. त्याहून भयंकर म्हणजे जडीबुटीच्या पुडीत गुपचूप इंग्रजी गोळी दळून टाकणारा. गिऱ्हाईक म्हणतो, ‘वा, काय दवा आहे! आठ दिवसांत शुगर निम्मी!’ ती करामत जडीबुटीची नसते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २००० साली अशा पाच ‘हर्बल’ औषधांत मधुमेहाच्या इंग्रजी गोळ्या सापडल्या. सिंगापुरात २००८ साली तर ज्यांना मधुमेहच नव्हता असे १५० लोक साखर एकदम उतरून इस्पितळात दाखल झाले आणि ४ जण दगावले. ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी मिसळलेली होती.

साखर फार उतरली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोके गरगरते, शुद्ध हरपते. गोळी चालू असताना वरून पूड घेणाऱ्याला हा धोका आहे. रोजे ठेवणाऱ्याला तो अधिक. पुडी फार लवकर गुण देते असे दिसले तर आनंद मानू नका, संशय घ्या.

कायदा काय म्हणतो?

आयुर्वेदिक किंवा युनानी औषध तयार दुकानात ठेवून विकायला वेगळा परवाना लागत नाही. पण ते विकण्यासाठी बनवायला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. घरी दळून, पुडीवर ‘मधुमेहावर गुणकारी’ छापून विकणारा माणूस नकळत औषधाचा कारखानदार होतो, तोही बिनपरवान्याचा.

जाहिरातीचा कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांच्या इलाजाची जाहिरात करण्याला त्याने मनाई केली, त्या यादीत मधुमेह आहे. ‘शुगर मुळापासून नष्ट’ हा फलक कायद्याने गुन्हा आहे. शास्त्रानेही ते वाक्य खोटे आहे, कारण वरच्या एकाही चाचणीत आजार मुळापासून गेलेला नाही.

मग मार्ग कोणता? साफ केलेला, वाळवलेला, ओळख पटलेला गर कच्चा माल म्हणून परवानाधारक कारखान्यांना विकणे हा सर्वांत सरळ मार्ग. त्यात दावा करायची गरजच पडत नाही. मालाच्या शुद्धतेचा अहवाल जोडला की झाले. औंढ्यासारख्या गावांतून पाच-दहा घरांची बी एकत्र करणारा, वाळवणाचे शेड उभारणारा माणूस दर हंगामाला हा व्यवहार करू शकेल.

किरकोळ दुकानदाराने परवानाधारकाचा माल ठेवावा. डबीवर परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे ना, ते पाहावे. आणि गिऱ्हाईक विचारील, ‘चाचा, ही पूड चालू केली तर गोळी बंद करू का?’ त्या वेळी एकच जबाब द्यावा. ‘नाही बेटा. गोळी तुझ्या डॉक्टरने लावली, तोच काढील. पूड घेतोस हेही त्याला सांग आणि महिन्याने रक्त तपासून घे.’ इन्सुलिन घेणाऱ्याला तर पूड विकण्याआधीच हे बजावावे. इन्सुलिन बंद केल्याने माणूस काही दिवसांत दगावू शकतो.

या जबाबाने एखादी पुडी कमी खपेल. पण ज्याने तुमचे ऐकून गोळी सोडली आणि पाय गमावला, तो पुन्हा दुकानात येणार नाही, त्याचा मोहल्लाही येणार नाही. औंढ्याच्या बीला बाजार आहे. तोलून, वाळवून, ओळख पटवून विकली तर त्या बाजारात आमच्या बांधवांनाही जागा आहे. जेवढे तपासले गेले आहे तेवढेच बोलावे. तराजूत दांडी मारू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते, जिभेलाही तोच नियम लावावा.